विश्लेषण : मोबाइलमध्ये फोटो हजार, भिंतीवर एकही नाही… छायाचित्रण सोपे करणारे जॉर्ज ईस्टमन कोण होते?

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे खांडबारा असो की सातपुड्यातला एखादा पाडा, घरातले कोणी गेले की दिवसकार्याच्या आधी एक धावपळ ठरलेली असते. हार घालायला फोटो हवा असतो. मोबाइलमध्ये फोटो हजार असतात, पण त्यांतला एकही कागदावर नसतो. मग कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून आजोबांचा चेहरा कापून काढला जातो, स्टुडिओवाला मागची माणसे पुसतो, पांढरा सदरा चढवतो आणि फ्रेम तयार होते. चेहरा थोडा पुसटच राहतो.

फोटो काढणे इतके सोपे आणि फोटो हाती येणे इतके लांबणीवर कसे गेले, हे समजून घ्यायचे तर सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जावे लागते. रॉचेस्टर या अमेरिकी शहरातल्या बँकेतल्या एका कारकुनाने फोटो काढणारा आणि फोटो तयार करणारा या दोघांना एकमेकांपासून वेगळे केले. त्यांचे नाव जॉर्ज ईस्टमन. कोडॅक कंपनी त्यांचीच.

ईस्टमन यांचे बालपण कसे गेले?

जॉर्ज यांचा जन्म १२ जुलै १८५४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हिल या गावी झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या मंडळातले ठळक भारतीय सभासद. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. म्हणजे मुंबईला छायाचित्रण तेव्हा नवे राहिले नव्हते. मात्र ते डॉक्टर, अधिकारी, संस्थानिक अशांच्याच आवाक्यातले होते. अमेरिकेतही चित्र फारसे वेगळे नव्हते.

जॉर्ज यांचे वडील रॉचेस्टरमध्ये व्यापारी शिक्षणाचे विद्यालय चालवत. १८६२ मध्ये ते वारले आणि घराची घडी विसकटली. आई मारिया यांनी घरात भाडेकरू ठेवून, त्यांना जेवू घालून संसार ओढला. दोन थोरल्या बहिणींपैकी एकीला पोलिओ झाला होता, ती १८७० मध्ये गेली. त्याआधीच, चौदाव्या वर्षाच्या सुमारास, जॉर्ज यांची शाळा सुटली होती. विमा कंपनीच्या कार्यालयात निरोप्या म्हणून आठवड्याला ३ डॉलर मिळू लागले. रात्री हिशेबनिशी शिकत १८७४ मध्ये ते रॉचेस्टर सेव्हिंग्ज बँकेत कारकून झाले. पगार आठवड्याला १५ डॉलर. हा आकडा पुढे उपयोगी पडणार आहे.

पैसा हातात आला तरी त्यांची काटकसर सुटली नाही. खर्चाची पै-पै वहीत लिहायची सवय त्यांना लहानपणीच लागली होती.

छायाचित्रणाकडे ते वळले कसे?

एका न झालेल्या सहलीमुळे. १८७७ च्या सुमारास त्यांच्या मनात कॅरिबियन बेटांवरच्या सांतो डोमिंगोला जायचे आले. बरोबर कॅमेरा असावा असे एका सहकाऱ्याने सुचवले, म्हणून त्यांनी सगळा सरंजाम विकत घेतला. सहल राहिली बाजूला, सरंजामानेच ते थक्क झाले.

त्या काळी ओल्या काचेवर फोटो घेत. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, अंधारात ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि थर वाळायच्या आत, म्हणजे काही मिनिटांतच, पुन्हा अंधारात नेऊन धुवायची. बाहेरगावी फोटो काढायचा तर मोठा खोका, जाड तिकाटणे, काचा, बाटल्या, पाण्याचे भांडे आणि अंधारासाठी चक्क तंबू न्यावा लागे. बैलगाडीभर सामान आणि हाती लागणार चार-सहा फोटो.

इंग्लंडमध्ये काही जण जिलेटिनचा थर देऊन कोरड्या काचा बनवू लागले होते. काच आधीच तयार करून ठेवता येई आणि धुण्याचे काम सवडीने करता येई. ईस्टमन यांनी एका इंग्रजी नियतकालिकातली कृती वाचली आणि आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग सुरू केले. दिवसा बँक, रात्री चुलीवर जिलेटिन. कित्येकदा ते तिथेच पांघरूण घेऊन झोपत. तीन वर्षे हे चालले. त्यांनी थर देण्याचे यंत्र बनवले, १८७९ मध्ये लंडनला जाऊन त्याचे पेटंट घेतले आणि १८८० मध्ये रॉचेस्टरला एका इमारतीचा मजला भाड्याने घेऊन कोरड्या काचांचा धंदा मांडला. १ जानेवारी १८८१ रोजी हेन्री स्ट्राँग भागीदार झाले. बग्गीचे चाबूक बनवणारे हे गृहस्थ मारियाबाईंकडेच भाड्याने राहत असत. त्याच वर्षी बँकेतली बढती आपल्याला डावलून संचालकाच्या नातलगाला मिळाली म्हणून ईस्टमन यांनी नोकरी सोडली.

माल खराब निघाला तेव्हा काय झाले?

कंपनी बुडण्याच्या बेतात आली. १८८२ मध्ये दुकानदारांकडून तक्रारी येऊ लागल्या. काचांवर चित्र धड उमटत नव्हते, काळपट धुके येत होते. ईस्टमन यांनी विकलेला माल परत घेतला, पैसे किंवा नवा माल देण्याची हमी दिली आणि कारखाना थांबवला. शेकडो प्रयोग करूनही कारण सापडेना. शेवटी ते इंग्लंडला गेले, तिथल्या जाणकारांकडून शिकून आले, तेव्हा उलगडा झाला. कृती बरोबर होती, जिलेटिन बदलले होते. पुरवठादाराकडून येणारा कच्चा माल पूर्वीसारखा राहिला नव्हता. त्यानंतर कच्चा माल तपासल्याशिवाय वापरायचा नाही, हा कंपनीचा शिरस्ताच झाला. कारखानदारीच्या कुठल्याही अभ्यासक्रमात शोभावा असा हा प्रसंग आहे.

रोल कुठून आला?

काच जड, ठिसूळ आणि एका वेळी एकच. तिच्या जागी गुंडाळता येईल असे काही हवे होते. १८८४-८५ मध्ये ईस्टमन आणि विल्यम वॉकर यांनी कागदावर थर देऊन तो रिळावर गुंडाळला आणि कुठल्याही कॅमेऱ्याला लावता येईल असा रोल-होल्डर बनवला. व्यावसायिक छायाचित्रकारांनी नाक मुरडले. कागदाचे रवे प्रिंटवर दिसत, काचेइतका नितळपणा येत नसे. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

ईस्टमन यांचे वेगळेपण इथे दिसते. माल सुधारत बसण्याबरोबरच त्यांनी गिऱ्हाईक बदलले. जाणकाराला पटत नसेल तर ज्याला छायाचित्रणातले काहीच कळत नाही, ज्याला फक्त बाळाचा, सहलीचा, अंगणातल्या घोड्याचा फोटो हवा आहे, त्याला विकायचे असे त्यांनी ठरवले. दर्जात थोडी तडजोड आणि सोयीत मोठी उडी. पुढे फिल्म जाऊन डिजिटल आले तेव्हा सुरुवातीला हाच सौदा झाला. पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यांचे फोटो फिल्मपुढे फिकेच होते, तरी लोकांनी सोय निवडली.

१८८८ च्या कॅमेऱ्यात विशेष काय होते?

त्या वर्षी बाजारात आलेल्या लाकडी खोक्याला ईस्टमन यांनी ‘कोडॅक’ हे बनवलेले नाव दिले. शब्द छोटा, कुठल्याही भाषेत उच्चारता येणारा आणि अर्थ नसलेला हवा होता. ‘क’चा उच्चार त्यांना ठसठशीत वाटे. आईच्या माहेरच्या आडनावाचे, किलबर्नचे, पहिले अक्षरही तेच.

कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी नव्हती, वरच्या बाजूला दिशेसाठी रेघा होत्या. दोरी ओढायची, बटण दाबायचे, किल्ली फिरवून फिल्म पुढे सरकवायची. आत १०० फोटोंचा रोल भरलेलाच येई. शंभर संपले की अख्खा कॅमेरा १० डॉलरसह रॉचेस्टरला पाठवायचा. कारखान्यात रोल धुतला जाई, प्रिंट काढून पुठ्ठ्यावर डकवले जात आणि नवा रोल भरलेल्या कॅमेऱ्यासोबत परत येत. फोटो अडीच इंच व्यासाचे, गोल असत. भिंगाच्या कडेला चित्र बिघडते, ते गोलामुळे झाकले जाई आणि कॅमेरा तिरका धरला तरी चालून जाई.

किंमत होती २५ डॉलर. आठवड्याला १५ डॉलर मिळवणाऱ्या कारकुनाचा जवळपास दोन आठवड्यांचा पगार. पुढचा हिशेब अधिक बोलका आहे. १० डॉलरला १०० फोटो, म्हणजे नव्या रोलसह एका प्रिंटला १० सेंट. नफा कॅमेऱ्यापेक्षा या फेऱ्यात होता. ग्राहक एकदा जोडला की शंभर-शंभरच्या हप्त्याने पैसे देत राहणार.

या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत होती. फोटो पाहायचा असेल तर प्रिंट काढावाच लागे, दुसरा मार्गच नव्हता. त्यामुळे जितके फोटो निघाले, तितके घरी कागदावर आले. आल्बम भरले ते लोक जास्त शिस्तीचे होते म्हणून नव्हे, तर पर्याय नव्हता म्हणून.

सिनेमाशी त्यांचा संबंध काय?

१८८९ मध्ये ईस्टमन यांचे रसायनतज्ज्ञ हेन्री रायखनबाख यांनी कागदाऐवजी पारदर्शक सेल्युलॉइडची फिल्म बनवली. ती लवचीक आणि लांबलचक होती, म्हणून एडिसन यांच्या चलचित्रयंत्रालाही उपयोगी पडली. पुढे १९१२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके लंडनला गेले, तेव्हा विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर त्यांनी कोडॅकच्या कच्च्या फिल्मचीही मागणी नोंदवली. भारतीय सिनेमाच्या पायाशी हेही रीळ आहे.

मात्र या फिल्मच्या श्रेयावर डागही आहे. हॅनिबल गुडविन या धर्मोपदेशकांनी अशाच फिल्मसाठी १८८७ मध्ये, म्हणजे आधीच, अर्ज केला होता. पेटंट मिळायला १८९८ उजाडले आणि १९०० मध्ये ते वारले. त्यांचे हक्क घेतलेल्या कंपनीने खटला चालवला, तो १९१४ मध्ये कोडॅकच्या विरोधात गेला आणि ५० लाख डॉलर मोजावे लागले. प्रतिस्पर्धी विकत घेणे, दुकानदारांना फक्त आपलाच माल ठेवायला लावणे यांवरूनही अमेरिकी सरकारने कंपनीला न्यायालयात खेचले. ईस्टमन यांचे चरित्र सांगताना हा भाग अनेकदा गाळला जातो. सोय देणारा माणूस ती सोय आपल्याच मुठीत ठेवायलाही तितकाच तत्पर होता.

सामान्य घरात कॅमेरा कधी पोहोचला?

१९०० मध्ये. ‘ब्राउनी’ नावाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा १ डॉलरला आला. सहा फोटोंची फिल्म १५ सेंटला. नाव त्या काळी मुलांमध्ये गाजलेल्या चित्रकथांतल्या बुटक्यांवरून ठेवले होते, कारण माल मुलांसाठीच होता. पहिल्याच वर्षी दीड लाखांहून अधिक ब्राउनी विकले गेले. आता कॅमेरा कारखान्यात पाठवायची गरज नव्हती, फिल्म काढून दुकानात द्यायची.

हीच रीत आपल्याकडे पोहोचायला वेळ लागला. बडोद्याला बनणारा अॅग्फाचा ‘क्लिक थ्री’ मध्यमवर्गीय घरांत आला आणि एका रोलमध्ये १२ फोटो मिळू लागले. पुढे ३६ फोटोंचा रोल, ‘हॉट शॉट’, कोडॅकचा ‘केबी-१०’. रोल जपून वापरायचा, एका माणसाचा एकच फोटो, डोळे मिटले तर मिटले. खांडबाऱ्यासारख्या गावातून रंगीत रोल मोठ्या गावच्या कलर लॅबला जाई आणि फोटो काही दिवसांनी हाती पडत. कोणी चुकून कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडले, की आतल्या फिल्मवर उजेड पडून फोटो पांढरे पडत. फिल्मच्या सोयीविषयी हळवे होणाऱ्यांनी हे विसरू नये.

शेवटची वर्षे कशी गेली?

ईस्टमन यांनी लग्न केले नाही. आई १९०७ मध्ये जाईपर्यंत त्यांच्याच घरी होती, त्या दिवशी ते दिवसभर रडत होते असे सांगतात. संपत्ती अफाट झाली आणि त्यांनी ती वाटायला घेतली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या आजच्या नामांकित अभियांत्रिकी संस्थेला त्यांनी कोट्यवधी डॉलर ‘मिस्टर स्मिथ’ या नावाने दिले. हा स्मिथ कोण, हे १९२० मध्ये कळले. संगीत विद्यालय, मुलांचे दंत-दवाखाने, कृष्णवर्णीयांच्या टस्कीगी व हॅम्पटन या संस्था यांनाही मदत गेली. एकूण दान १० कोटी डॉलरहून अधिक. १९१९ मध्ये स्वतःच्या समभागांपैकी तिसरा हिस्सा त्यांनी कामगारांना दिला. नियोजनाची हौस इतकी, की वर्षाचे २८ दिवसांचे १३ महिने असावेत असा त्यांचा आग्रह होता. कोडॅकने ते कॅलेंडर १९२८ पासून १९८९ पर्यंत खरोखर वापरले.

जगाला फोटो काढायला लावणाऱ्या या माणसाला स्वतःची प्रसिद्धी आवडत नसे. रॉचेस्टरच्या रस्त्यांवरून ते चालत गेले तरी बहुतेकांना ओळखू येत नसत. पाठीच्या कण्याच्या आजाराने शेवटच्या काळात उठणे-बसणे वेदनेचे झाले. १४ मार्च १९३२ रोजी, ७७ व्या वर्षी, राहत्या घरी त्यांनी आयुष्य संपवले. ते घर आता छायाचित्रणाचे संग्रहालय आहे.

डिजिटल कॅमेरा कोडॅकनेच बनवला, मग कंपनी का कोसळली?

१९७५ मध्ये कोडॅकचे तरुण अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी जगातला पहिला हातात धरण्याजोगा डिजिटल कॅमेरा बनवला. वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्र केवळ १० हजार बिंदूंचे आणि तेही कृष्णधवल. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. चित्र टीव्हीवर दिसे. फिल्म नाही, रसायन नाही, प्रिंट नाही. ईस्टमन यांनी रचलेला नफ्याचा फेराच त्यात उरत नव्हता, म्हणून कंपनीने या शोधावर सर्वस्व लावले नाही. स्वतः ईस्टमन यांनी चालता धंदा, म्हणजे काचा, बाजूला सारून फिल्मवर उडी घेतली होती. त्यांच्या वारसांना ते धाडस झाले नाही. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

मधल्या काळात नंदुरबार जिल्ह्यात काय बदलले त्याची एक खूण म्हणजे शहादा तालुक्यातले टेंभली. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक तिथे दिले गेले. अनेक घरांत आजही वडीलधाऱ्यांचा समोरून काढलेला, नाव-तारखेसह जपलेला एकमेव फोटो म्हणजे आधार कार्डावरचा. तो अर्जाला चालतो, भिंतीवर लावायला कोणालाच आवडत नाही.

मग प्रिंट हवा असेल तर मोबाइलवाल्याने काय करावे?

डिजिटलमध्ये प्रिंट हा वेगळा निर्णय झाला आहे. तो आपण घेतला नाही तर कोणी घेत नाही. सोय मात्र फिल्मपेक्षा कितीतरी जास्त आहे. शंभरातले चार निवडून तेवढ्याचेच पैसे द्यायचे, रोल संपायची वाट पाहायची नाही.

अडचण दर्जाची नसते, पाठवण्याच्या पद्धतीची असते. चांगल्या प्रिंटला एका इंचात ३०० बिंदू धरतात. ४ बाय ६ इंचांच्या फोटोला १२०० गुणिले १८००, म्हणजे साधारण २२ लाख बिंदू पुरतात आणि आजचा कुठलाही मोबाइल त्याच्या कितीतरी पट देतो. पण व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की फोटोची लांब बाजू साधारण १६०० बिंदूंवर येते. छोट्या प्रिंटला ते जेमतेम चालते. १२ बाय १८ इंचांच्या फ्रेमला जवळपास १ कोटी ९४ लाख बिंदू लागतात, तिथे तो फोटो फाटतो. त्यामुळे स्टुडिओला फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा किंवा केबल, पेन ड्राइव्हने द्यावा. स्टेटसवरून काढलेला स्क्रीनशॉट देऊ नये.

दुसरी गोष्ट मापाची. मोबाइलचा फोटो बहुधा ४ः३ प्रमाणाचा असतो आणि ४ बाय ६ चा कागद ३ः२ चा. कडेचे काहीतरी कापले जाणारच, म्हणून भोवती थोडी जागा सोडून फोटो घ्यावा. घोळक्यातून चेहरा कापायची वेळ येऊ नये असे वाटत असेल तर आजी-आजोबांचा एक फोटो दाराजवळच्या सावलीतल्या उजेडात, मागे साधी भिंत ठेवून आजच घ्यावा. नंतर झूम न करता, दोन पावले जवळ जाऊन.

आणि स्टुडिओत विचारून घ्यावे की प्रिंट कशावर निघतो. साध्या इंकजेटची शाई आणि कागद हलका असेल तर उन्हात रंग लवकर उडतो. मोठ्या कलर लॅबमधल्या यंत्रात मोबाइलचा फोटो लेझरने चांदीच्या क्षाराचा थर दिलेल्या कागदावर उतरवतात आणि तो कागद रसायनात धुऊन बाहेर येतो. त्या थरात चांदीचे क्षार धरून ठेवायला आजही जिलेटिनच वापरतात.